किती जणांना विचारलंस?

सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आले, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी एक वाक्य बोलले आणि पकडले गेले. वाक्य अगदी साधं होतं. कुणीतरी विचारलं, कसं वाटलं इंदूर? मी म्हटलं, "छान! इथले सगळेच लोक फार प्रेमळ आहेत."

"किती भेटले?"

आवाज खिडकीकडून आला. खिडकीच्या कट्ट्यावर एक बाई पेरू खात बसल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. मांडीवर एक चपटी डबी उघडी होती. इथे पोह्यांवर भुरभुरतात तो जीरावन नावाचा मसाला होता त्यात. पेरूची फोड त्यात बुडवायची आणि तोंडात टाकायची, असं चाललं होतं.

"काय किती भेटले?" मी विचारलं.

"प्रेमळ लोक गं. आतापर्यंत किती?"

मी आठवून पाहिलं. "रिक्षावाला आणि आपला शिपाई."

"म्हणजे दोन. रिक्षावाल्याने तुला अख्खं शहर फिरवून आणलं असणार, त्याने प्रेमळच असायला पाहिजे. आणि शिपायाची बायको तुमच्या सांगलीकडची, तर तो पण बाद. आता किती राहिले?"

"कोणीच नाही," मी ओशाळून म्हटलं.

"बिल्कुल! ये, पेरू खा. आता एक झाला."

या सुलभा जगदाळे. तुकोगंजातल्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांवर होते, आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील सरकारी दवाखान्यात. पिढ्यान्‌पिढ्या इंदूरच्या. त्यामुळे त्यांचं मराठी जरीच्या साडीला चिंधीचं ठिगळ लावावं तसं असे, पण ते ठिगळही त्यांना शोभून दिसायचं. "काय करून राहिलीस?", "मतलब काय", "हौ, चल!" मला त्यांनी नावाने कधी हाक मारलीच नाही. मी कायम "ए सांगली!"

कुठल्याही वाक्यात 'सगळे', 'नेहमी', 'आजकाल' हे शब्द आले की मॅडमचे कान टवकारायचे. "आजकालची मुलं वाचतच नाहीत हो," असं कुणी म्हणालं की संपलं. किती जणांना विचारलंस? कुठल्या मुलांना? वर्गात बसलेल्यांना की गेटवर उभ्या असलेल्यांना? आणि जे कॉलेजलाच आले नाहीत त्यांचं काय? हा शेवटचा प्रश्न तर त्या लग्नाच्या पंगतीतही विचारत. एकदा एका यजमानांनी हात जोडून म्हटलं, "सर्वांना जेवण आवडलं, धन्य झालो." मॅडम श्रीखंड चाटता चाटता म्हणाल्या, "न आवडलेले निघून गेले असतील ना हो, ते कसे सांगणार?" जगदाळेकाका, म्हणजे मॅडमचे पती, अशा वेळी ताटाकडे बघत राहायचे. त्यांना सवय होती.

त्यांचा तास मी पहिल्यांदा पाहिला तो चोरून, दाराबाहेर उभं राहून, कारण आतून इतका हशा येत होता की मला माझ्या वर्गात मागणी-पुरवठा शिकवणं अशक्य झालं होतं. छोटाच वर्ग. मॅडमनी प्रत्येकाला घर कॉलेजपासून किती लांब ते विचारलं होतं. बहुतेक मुलं स्नेहलतागंज, कृष्णपुरा अशी जवळपासची. दोघी देवासहून रोज येणाऱ्या, एक पोरगा उज्जैनहून. सरासरी काढली तर असं निघालं की हा वर्ग शहराबाहेर, एका सोयाबीनच्या शेतात राहतो.

"हात वर करा," मॅडम म्हणाल्या, "इथे कोण राहतं?"

एकही हात वर आला नाही.

"मग हे अ‍ॅव्हरेज कोणाचं आहे?"

"खेत वाले का, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग त्यांनी साऱ्या वर्गाला व्हरांड्यात काढलं. सर्वांत जवळ राहणारा एका टोकाला, उज्जैनवाला दुसऱ्या टोकाला, बाकीचे क्रमाने मध्ये. त्या स्वतः स्पोर्ट्स शूज करकरवत रांगेच्या बरोबर मध्यावर गेल्या आणि तिथे उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही आपली मीडियन. उज्जैनवाला उद्या दिल्लीला राहायला गेला तरी ही इथून हलणार नाही. समजलं?" समजलं. इतकं समजलं की त्या मुलीचं नाव तीन वर्षं मीडियन पडलं. पुढे तिच्या लग्नात स्टेजवर मैत्रिणी "मीडियन की शादी है" म्हणून नाचल्या आणि नवरदेवाकडची मंडळी हे कुठलं घराणं म्हणून विचारत राहिली.

आमचे प्राचार्य दुबे सर मनाचे फार चांगले, पण एखादी कार्यशाळा करून आले की आठवडाभर धोकादायक असत. एकदा ते आकडे घेऊनच परतले. जी मुलं लायब्ररीत जास्त जातात, त्यांना मार्क जास्त पडतात. तेव्हा यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एक तास लायब्ररीत बसलंच पाहिजे. दाराशी अंगठा लावायचं यंत्र बसणार. त्यावर चर्चा करायला दुसऱ्या दिवशी मीटिंग ठेवली.

मीटिंगला मॅडम एक भलीमोठी कापडी पिशवी घेऊन आल्या. आतून खुळखुळ आवाज येत होता. आपली पाळी आल्यावर त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. चष्मेच चष्मे! कृष्णपुऱ्याच्या बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून जुन्या, बिनकाचेच्या फ्रेमी आणल्या होत्या.

"सर, मी पण माझ्या वर्गांचे मार्क बघितले," मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "चष्मेवाल्यांना जास्त मार्क आहेत. माझं म्हणणं आहे, उद्यापासून सगळ्यांना चष्मे वाटावेत. आधी आपण स्टाफने सुरुवात करू."

सारा स्टाफ फ्रेमींवर तुटून पडला. हिंदीच्या बाईंनी मांजरीच्या डोळ्यांसारखी फ्रेम घेतली, खेळाच्या सरांनी एक लहान मुलाची कशीबशी कानांवर अडकवली. दुबे सरांनीही, सभ्य माणूस, एक काळी जाड फ्रेम घातली आणि तिच्या आरपार मॅडमकडे बघत म्हणाले, "लेकिन मॅडम, चश्मा लगाने से नंबर थोड़े ही बढ़ते हैं! जो बच्चे ज़्यादा पढ़ते होंगे, उन्हीं को तो..."

आणि ते थांबले.

"हौ ना सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "जी मुलं आधीच पढाई करतात, तीच लायब्ररीत पण जातात."

दुबे सरांनी चष्मा काढला, पुसला. काच नसलेला चष्मा पुसला. मग ते असे हसत सुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सक्ती रद्द झाली. यंत्र मात्र विकत आणून झालेलं होतं. ते आमच्या हजेरीसाठी स्टाफरूमच्या दाराला लागलं. मग आठवडाभर आम्ही कुणीच मॅडमशी बोलत नव्हतो.

दुसऱ्यांना असं उघडं पाडणारी माणसं स्वतःच्या बाबतीत बहुधा हळवी असतात, असं मला वाटायचं. (किती माणसं? असो.) मॅडमच्या बाबतीत हे साफ खोटं निघालं. त्यांची एक श्रद्धा होती: उपाशी पोरांना काही शिकवू नये, पोटात पोहे गेले की डोक्यात गणित जातं. ही श्रद्धा त्यांनी एका परीक्षेच्या सकाळी तपासायला घेतली. नाणं उडवून वर्गाचे दोन गट पाडले. एकाला परीक्षेआधी पोहे-जिलबी, दुसऱ्याला परीक्षेनंतर. वर्गात हाहाकार उडाला. जानी दोस्त वेगळे झाले. एक मुलगा "मॅडम, मैं तो दिल से पोहे वाला हूँ" म्हणत विनवण्या करू लागला. मॅडम हलल्या नाहीत. "तुला पाहिजे म्हणून दिलं तर मला कसं कळणार की पोह्याने झालं की तुझ्या हट्टाने? नाणं बोललं ते बोललं."

पेपर तपासून झाल्यावर मॅडम स्टाफरूममध्ये जवळजवळ धावतच आल्या.

"सांगली! उलटं निघालं! पोहेवाल्यांना कमी मार्क!"

"अरेरे," मी म्हटलं.

"अरेरे काय? अगं, मी चुकले! वीस-पंचवीस वर्षं छातीठोक सांगून राहिले होते. बघ, कशी चुकले!" इतक्या आनंदाने चुकलेला माणूस मी पाहिला नव्हता. नंतर चौकशीत कळलं की पोहेवाल्यांनी एकेक प्लेट नव्हे, चार-चार हाणल्या होत्या आणि वर जिलबी. दोघं तर पेपरवर मान टाकून झोपले होते. मी म्हटलं, मग लिहा ना, जास्त खाल्ल्यामुळे असं झालं. मॅडम म्हणाल्या, "तो पुढचा प्रश्न. तो पुढच्या वेळी तपासू. आता निकाल लागल्यावर कारण शोधायचं नाही." आणि 'जगदाळे मॅडमचा अंदाज चुकला, एका वर्गावरून काहीच सिद्ध होत नाही, पण सध्या तरी चुकला' असा कागद त्यांनी स्वतः नोटीसबोर्डावर लावला. वर्गाने तातडीने मागणी केली की प्रयोग पुन्हा व्हावा, आणि या वेळी कचोरीचा.

हे सगळं गमतीचं. पण एका वर्षी प्रकरण गमतीचं राहिलं नाही.

आमच्याकडे सकाळी सातची एक बॅच भरायची. दिवसा काम करणाऱ्यांसाठी. साड्यांच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल, पार्सलं पोचवणारी पोरं, लेकराला शाळेत सोडून येणाऱ्या दोन-तीन बायका. दिवसाच्या बॅचपेक्षा तिचा निकाल दर वर्षी खाली. कॉलेजचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांनी ठरवलं की ही बॅच बंद करावी आणि त्या खोल्या नव्या कोर्सला द्याव्यात. बंद करण्याचं कारण साधं, सरळ आकड्यात होतं: सरासरी कमी.

बातमी फुटली त्या सकाळी पूजा नावाची मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. साडीच्या दुकानात काम करायची, संख्याशास्त्रात चांगली होती. "मॅडम, अपनी बॅच बंद हो जाएगी क्या?"

मला वाटलं, मॅडम म्हणतील, मी आहे ना, घाबरू नकोस. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, बेटा. कदाचित सेठजी खरे पण असतील. आधी बघू तर दे." पूजाचा चेहरा उतरला. मला मॅडमचा राग आला.

त्या मग कामाला लागल्या. दोन्ही बॅचमधल्या काही मुलांना हाताशी घेतलं. स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घरी दुपारभर लॅपटॉप, कागद आणि काकांच्या हातचा चहा. कल्पना सोपी होती. सगळ्यांची एकत्र सरासरी बघायची नाही. बारावीला चांगले मार्क घेऊन आलेल्यांची तुलना तशाच मुलांशी, जेमतेम पास होऊन आलेल्यांची तशाच मुलांशी. पूजाने आकडे वाचले, मॅडमनी फळ्यासारखं वापरायचं म्हणून भिंतीला टेकवलेल्या जुन्या दारावर ते लिहिले.

दोन्ही गटांत सकाळची बॅच वर!

पोरांनी घर डोक्यावर घेतलं. म्हणजे सकाळच्या वर्गात शिकवणं उलट जास्त चांगलं होत होतं. फक्त तिथे जेमतेम मार्कांची मुलंच जास्त येत होती, म्हणून एकत्र सरासरी घसरत होती. पूजा नाचायला लागली, उज्जैनवाल्याने काकांना उचललं. मीही टाळ्या पिटत होते. मॅडम खडू हातात धरून तशाच उभ्या.

"आणि जे मध्येच सोडून गेले त्यांचं काय?" त्या म्हणाल्या.

उज्जैनवाल्याने काकांना खाली ठेवलं. सकाळच्या बॅचमधली पुष्कळ मुलं परीक्षेआधीच गळतात, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. कच्ची मुलं गळाली आणि पक्की तेवढी उरली, तर निकाल आपोआप बरा दिसणार.

"मॅडम, राहू द्या ना," मी म्हटलं. "सेठजींना हे सुचणारसुद्धा नाही."

"मला सुचलं ना, सांगली."

पुन्हा सगळं मांडलं, गेलेल्यांना धरून. या वेळी त्या प्रत्येक आकडा पूजाला दोनदा वाचायला लावून मगच लिहीत होत्या. ही बाई पोह्यांवर हरली तेव्हा नाचली होती. आज तिला हरायचं नव्हतं, आणि तरी ती लिहीत होती. चांगल्या मार्कांच्या गटातली आघाडी पुसली गेली, दोन्ही बॅच सारख्या झाल्या. जेमतेम मार्कांच्या गटात सकाळची बॅच अजूनही वर होती, पण थोडीच. पूजा दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "इतना सा?"

"इतकंच," मॅडम म्हणाल्या. "पण आता हे आपलं आहे. कोणी काढून घेऊ शकत नाही."

मीटिंगला मॅडम आलेखबिलेख घेऊन उभ्या राहिल्या, पण सुरुवात भलत्याच ठिकाणाहून केली. सेठजींची मागच्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती.

"सेठजी, आपका ऑपरेशन जिन डॉक्टर साहब ने किया, उनके पास कैसे मरीज आते हैं?"

"अरे, एक से एक सीरियस," सेठजी अभिमानाने म्हणाले.

"और आपकी गली वाले डॉक्टर के पास?"

"सर्दी-खाँसी।"

"तो ज़्यादा मरीज किसके मरते हैं?"

सेठजींचा हात छातीकडे गेला. दुबे सर खुर्चीवरून अर्धे उठले. मला वाटलं, बॅच राहू दे, आधी अध्यक्ष वाचले पाहिजेत.

"बड़े डॉक्टर के," सेठजी सावकाश म्हणाले.

"फिर आप गली वाले के पास क्यों नहीं गए?"

सेठजींनी आलेखांकडे हात पुढे केला. मग म्हणाले, "दिखाओ, क्या लाई हो।" मॅडमनी आधी आघाडीचे आकडे दाखवले, आणि लगेच, कुणी विचारायच्या आत, गळालेल्या मुलांचे. आघाडी किती कमी होते तेही. शिवाय बहुतेक मुलं कधी गळतात ते: दिवाळीच्या सुमाराला, दुकानांत मरणाची गर्दी असते आणि मालक सकाळपासून बोलावतात तेव्हा, आणि आपण अंतर्गत परीक्षा बरोबर त्याच दिवसांत घेतो.

सेठजी खुर्चीत मागे टेकले. त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं, दिवाळीत ते कामाला असलेल्या पोरांना किती वाजता बोलावत असतील हे त्यांना मोजून सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "दुबे जी, जो अपने माल की खोट खुद दिखा दे, उससे सौदा कर लेना चाहिए। बॅच चलने दो। परीक्षा दिवाली के बाद रखो।" मग मॅडमकडे वळून, "और आप मेरे डॉक्टर का नाम लेना बंद करो, धड़कन बढ़ती है।"

बाहेर व्हरांड्यात सकाळची बॅच दुकानांना दांडी मारून उभी होती. मॅडमनी दार उघडलं आणि दोन्ही हात वर केले. नंतरचा गोंधळ मला सांगता येत नाही. मॅडमना खुर्चीसकट उचललं गेलं आणि त्या वरून ओरडत होत्या, "अरे, एका वर्षाचाच डेटा आहे! एका वर्षाचाच!"

परीक्षा दिवाळीनंतर गेली. पुढल्या वर्षी बॅचमधून कमी मुलं गळाली. मॅडमना विचारलं तर म्हणायच्या, परीक्षेमुळेच असं नाही म्हणता येणार. पण म्हणताना त्यांच्या गालावर खळी पडायची.

मग त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मॅडमविषयी आठ जण बोलले आणि आठही जण 'सर्वांच्या लाडक्या' म्हणाले. मॅडमनी प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, पण पहिल्यांदाच गप्प बसल्या.

मला पुण्याला नोकरी मिळाली ती त्यानंतर. निघण्याच्या आठवड्यात रंगपंचमी आली. राजवाड्यापाशी त्या दिवशी गेर निघते: ट्रकांवरून गुलाल उधळत, मोठमोठ्या नळ्यांनी रंगाचे फवारे तीन-तीन मजले उडवत सारं शहर रस्त्यावर येतं. सकाळीच मॅडमचा फोन. "सांगली, जुनी साडी नेस. आज गेर बघायला जायचं."

"गॅलरीतून?"

"गॅलरीतून मी लहानपणापासून बघून राहिले. आमच्या घरातल्या बायका वरूनच बघायच्या. आज खाली."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि समोरचा समुद्र बघून मी मॅडमचा दंड धरला. बँड, ढोल, गुलालाचा ढग, त्यातून उठणारी माणसांची गर्जना. "मॅडम, इथूनच बघू या," मी म्हटलं. त्यांनी स्पोर्ट्स शूजच्या लेसा नीट बांधल्या, पदर कमरेला खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सांभाळ." आणि शिरल्या.

क्षणभर त्यांचं पांढरं डोकं मला दिसत होतं. मग ते गुलाबी झालं. ट्रकवरचा नळीवाला दुसऱ्या बाजूला फवारा मारत होता. त्याच्याकडे दोन्ही हात उंचावून त्या चवड्यांवर उड्या मारत ओरडत होत्या, "ओ भिया! इधर भी! जरा इधर भी!"

त्याने ऐकलं. नळी वळवली. हिरव्या रंगाचा एक धबधबा त्यांच्यावर कोसळला, आणि तो ओसरला तेव्हा तिथे पाचपन्नास हिरवी माणसं नाचत होती. मी कितीही डोळे ताणले तरी त्यांतल्या मॅडम कोणत्या, ते मला ओळखता येईना.